समाजकार्यातील पर्यवेक्षण : एक दुर्लक्षित अंग

'पर्यवेक्षक' हा शब्द विद्यार्थ्याच्या कानावर पडतो तो बहुधा परीक्षेच्या दालनात. बाकांच्या रांगांमधून फिरणारा, कोणी मान वळवली की तिकडे रोखून पाहणारा आणि शेवटची घंटा झाली की उत्तरपत्रिका ओढून घेणारा गृहस्थ म्हणजे पर्यवेक्षक, अशी आपली समजूत होऊन बसलेली असते. रस्त्याच्या किंवा धरणाच्या कामावर हेच काम मुकादम करतो. त्यामुळे समाजकार्यासारख्या, माणसाच्या दु:खाशी थेट संबंध असलेल्या क्षेत्रात पर्यवेक्षण हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे, त्यावर ग्रंथ लिहिले गेले आहेत, असे सांगितले तर प्रथम नवल वाटते. जो कार्यकर्ता आपण होऊन गोरगरिबांत काम करावयास निघाला त्याच्यावर पहारा कशाला, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे.

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचाच थोडा मागोवा घ्यावयाचा आहे. समाजकार्याचे क्षेत्र फार विस्तृत असल्याने अपंग आणि अल्प उत्पन्न असलेल्या व्यक्तींना साहाय्य करणारे पथक व त्याचा पर्यवेक्षक एवढ्यापुरताच विचार मर्यादित केला आहे. (शासकीय परिभाषेत आता 'दिव्यांग' हा शब्द रूढ झाला आहे, वस्तीत मात्र दोन्ही शब्द ऐकू येतात.) २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्तींची नोंद झाली. ती गणना आठ प्रकारांपुरती होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने २१ प्रकार मानले आहेत. तेव्हा खरी संख्या याहून बरीच मोठी असणार हे उघड आहे. आणि यांतील ज्यांच्या घरी दारिद्र्य आहे त्यांच्या बाबतीत अपंगत्व व गरिबी यांची गाठ इतकी घट्ट बसलेली असते की कोणते टोक ओढले असता ती सुटेल हे सांगणे कठीण. पायाने अधू माणसाला मजुरी मिळत नाही म्हणून पैसा नाही, आणि पैसा नाही म्हणून कॅलिपर दुरुस्त होत नाही.

पर्यवेक्षणाचा उगम पाहावयाचा तर एकोणिसाव्या शतकातील इंग्लंड-अमेरिकेकडे जावे लागते. १८६९ साली लंडनमध्ये 'चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी' स्थापन झाली. वाटेल तसा दानधर्म केल्याने गरीब अधिकच परावलंबी होतो, तेव्हा चौकशी करून, पात्र-अपात्र ठरवून मदत करावी, असे तिचे मत होते. १८७७ मध्ये अमेरिकेत बफेलो येथे अशीच संस्था निघाली आणि मग त्या देशात अनेक शहरांत हे लोण पसरले. सुखवस्तू घरांतील स्त्रिया स्वेच्छेने गरीब कुटुंबांना भेटी देत. त्यांना 'स्नेहभेटीच्या कार्यकर्त्या' म्हणत. त्यांना कुटुंबे वाटून देणे, त्यांची टिपणे वाचणे, मदतीचा निर्णय घेणे हे काम संस्थेच्या वेतनी 'एजंट'कडे असे. स्वयंसेविका येत आणि जात. कोणाचे लग्न होई, कोणी कंटाळे. गरीब कुटुंब मात्र तेथेच राही आणि प्रत्येक नव्या बाईसमोर आपली कर्मकथा पुन्हा पहिल्यापासून सांगे. त्या कुटुंबाला सतत ओळखणारा, त्याचे पूर्वी काय झाले ते लक्षात ठेवणारा संस्थेतला एकच माणूस म्हणजे तो एजंट. नव्या बाईला शिकवायचे तेही त्यानेच. आजच्या समाजकार्य-पर्यवेक्षकाचा हा पूर्वज. पर्यवेक्षक ही संस्थेची स्मृती असते, ही गोष्ट या इतिहासातून फार चांगली कळते आणि आजही ती तितकीच खरी आहे.

या परंपरेतून पुढे आलेले सर्वांत मोठे नाव मेरी रिचमंड हिचे. १८८९ साली ती बाल्टिमोरच्या संस्थेत साहाय्यक खजिनदार म्हणून, म्हणजे हिशेबाच्या कामावर, लागली. दहा वर्षांनी, १८९९ मध्ये, तिने स्नेहभेटींवर पुस्तक लिहिले आणि १९१७ मध्ये 'सोशल डायग्नोसिस' हा ग्रंथ प्रसिद्ध करून व्यक्तिसहाय्य कार्याला शास्त्राची बैठक दिली. विशेष म्हणजे त्या काळी 'सुपरव्हिजन' हा शब्द बराच काळ संस्थांच्या तपासणीस वापरला जाई. सरकारी मंडळाने अनाथालयाची किंवा रुग्णालयाची पाहणी करणे म्हणजे सुपरव्हिजन. माणसाने माणसाच्या कामाकडे पाहणे हा अर्थ मागाहून आला. व्हर्जिनिया रॉबिन्सन हिचा या विषयावरील ग्रंथ १९३६ चा. आणि त्याच १९३६ साली मुंबईस नागपाडा भागात सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे. अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ मध्ये त्याला 'टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस' हे नाव मिळाले. पुढे मुंबईत निर्मला निकेतन (१९५५) व पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था (१९६३) अशी विद्यालये निघाली. या शिक्षणाबरोबरच क्षेत्रकार्य, त्याचा लेखी अहवाल आणि पर्यवेक्षकाबरोबरची साप्ताहिक चर्चा ही पद्धतही आपल्याकडे आली.

'पात्र' आणि 'अपात्र' हे लंडनच्या संस्थेचे शब्द मात्र अजून गेले नाहीत. तहसील कार्यालयाच्या फलकावरची यादी पाहावी.

आल्फ्रेड कादुशिन या अभ्यासकाने १९७६ च्या आपल्या ग्रंथात पर्यवेक्षणाची तीन कार्ये सांगितली : प्रशासकीय, शैक्षणिक आणि आधार देण्याचे. आजही जगभर हीच विभागणी शिकवली जाते. काम नेमून देणे, नियम पाळले जातात की नाही ते पाहणे हे पहिले. कार्यकर्त्याला कौशल्य शिकवणे हे दुसरे. आणि त्याचे मन खचू न देणे हे तिसरे. ग्रंथात ही तीन प्रकरणे स्वतंत्र असली तरी प्रत्यक्षात सोमवारी सकाळी तिन्ही एकदमच दारात उभी राहतात. एखादी कार्यकर्ती अहवाल उशिरा देते. हा प्रशासनाचा प्रश्न आहे की तिला लिहिता येत नाही हा शिक्षणाचा, की त्या कुटुंबाविषयी लिहायला बसले की तिला रडू येते हा तिसरा, हे हजेरीपटाकडे पाहून कळत नाही.

एखाद्या तालुक्याच्या गावी असलेले असे पथक डोळ्यांसमोर आणू. भाड्याच्या दोन खोल्या, एक लोखंडी कपाट, पाच-सहा कार्यकर्ते, आठवड्यातून दोन दिवस येणारा फिजिओथेरपिस्ट आणि एक पर्यवेक्षिका. कामे बाहेरून साधी दिसतात. अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढून देणे, संजय गांधी निराधार अनुदान योजनेचा (ही १९८० पासून चालू आहे) अर्ज भरणे, एस.टी.ची सवलत, तीनचाकी सायकल, मुलाचा शाळाप्रवेश. प्रत्येक कामामागे कागदांची रांग असते : रेशनकार्ड, उत्पन्नाचा दाखला, रहिवासाचा दाखला, बँकेचे पासबुक, आधार. १ जून २०२१ पासून अपंगत्वाचे प्रमाणपत्र देण्याची पद्धत संगणकावरून झाली. त्यामुळे एक रांग कमी झाली खरी, पण ज्याच्या घरी साधा मोबाईलही नाही त्याच्यासाठी सेतू केंद्राची नवी रांग उभी राहिली. कार्यकर्ते दिवसभर वाड्यावस्त्यांवर हिंडतात आणि पर्यवेक्षिका कार्यालयात त्यांच्या वह्या वाचते.

येथेच या विषयातली खरी अडचण आहे. पर्यवेक्षिकेला सेवार्थी दिसत नाही. परीक्षेच्या दालनातला पर्यवेक्षक निदान बाकावरचा मुलगा पाहू शकतो, मुकादम खणलेला चर मोजू शकतो. समाजकार्यातल्या पर्यवेक्षकाला तीन कोसांवरच्या झोपडीत काय घडले ते कार्यकर्त्याच्या तोंडून आणि त्याच्या वहीतून समजते. आणि त्या झोपडीत जे काही घडले त्याची जबाबदारी मात्र त्याच्यावर असते. न दिसणाऱ्या माणसाचे हित सांभाळायचे, तेही दुसऱ्याच्या डोळ्यांनी. किंबहुना पर्यवेक्षणाची सारी कला या एका अडचणीतून निघाली आहे असे म्हणता येईल.

म्हणून समाजकार्याच्या शिक्षणात 'प्रक्रिया-नोंद' या प्रकाराला महत्त्व दिले जाते. भेटीत काय ठरले एवढेच न लिहिता कोण काय बोलले, कोण गप्प राहिले, कोठे बसणे झाले, हे सर्व आठवून लिहावयाचे. विद्यार्थ्यांना याचा मनस्वी कंटाळा येतो. परंतु अनुभवी पर्यवेक्षक अशा नोंदीत एक गोष्ट आधी शोधतो : या पानांवर स्वत: सेवार्थी बोलतो का?

एक कल्पित, पण अशा कामात पदोपदी आढळणारे उदाहरण घेऊ. एकोणीस वर्षांच्या कर्णबधिर मुलीच्या घरी दिलेल्या भेटीची तीन पानी नोंद आहे. आई बोलते, चुलते बोलतात, शेजारच्या बाई सल्ला देतात. अनुदान मिळावे, मग स्थळ पाहायला सोपे जाईल, असे सर्वांचे मत आहे. मुलीविषयी एकच वाक्य : 'मुलगी शांत बसून होती.' नोंद व्यवस्थित आहे, कागदपत्रांची यादी पूर्ण आहे, अक्षर सुरेख आहे. रागीट पर्यवेक्षक येथे फटकारील, आळशी पर्यवेक्षक सही करील. चांगली पर्यवेक्षिका विचारते, "तुम्ही बसला होता कोठे?" कार्यकर्ता गोंधळतो. मग आठवून सांगतो की उंबऱ्याजवळ, दाराकडे पाठ करून. म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागे आणि चेहरा अंधारात. जी मुलगी ओठांच्या हालचालींवरून बोलणे ओळखते तिला त्याचा चेहरा दिसतच नव्हता. शांत बसण्यावाचून ती करणार काय? पुढचे प्रश्न मग आपोआप येतात. तिला लिहिता येते का? शाळेत खुणांची भाषा शिकली आहे का? पुढच्या भेटीत कार्यकर्ता उजेडाकडे तोंड करून बसतो आणि वही-पेन्सिल तिच्यापुढे सरकवतो. ती लिहिते : बारावीचा फॉर्म भरायची तारीख गेली का?

अनुदानाचा अर्ज चुकीचा होता असे नाही. तो भरावा लागेलच. पण पहिल्या नोंदीवर सही झाली असती तर ती तारीख निघून गेली असती आणि कोणालाही, अगदी कार्यकर्त्यालासुद्धा, काही चुकले असे वाटले नसते. नीटनेटक्या नोंदीचे हेच भय असते. खाडाखोड असलेली, प्रश्नचिन्हे असलेली वही पर्यवेक्षकाला सावध करते; स्वच्छ वही त्याला झोपवते.

घरच्यांनी अपंग माणसाच्या वतीने बोलणे हे आपल्या समाजात प्रेमाचे लक्षण मानले जाते, आणि पुष्कळदा ते असतेही. तरी कायद्याची दृष्टी आता बदलली आहे हे कार्यकर्त्याला शिकवणे पर्यवेक्षकाचे काम आहे. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार २००६ चा. भारताने तो २००७ मध्ये मान्य केला. त्याला अनुसरून झालेल्या २०१६ च्या अधिनियमात 'मर्यादित पालकत्व' अशी कल्पना आहे : पालकाने अपंग प्रौढाच्या ऐवजी निर्णय घ्यावयाचा नसून त्याच्याशी विचारविनिमय करून, त्याची इच्छा लक्षात घेऊन, विशिष्ट कामापुरता व विशिष्ट मुदतीपुरता निर्णय घ्यावयाचा. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास अधिनियमाखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीमार्फत पालक नेमण्याची सोय निराळी आहे. हे बारकावे कार्यकर्त्याला ठाऊक नसतील तर तो चुलत्यांच्या शब्दालाच कायदा समजेल.

दुसरा धोका आकड्यांचा. कोणत्याही संस्थेला निधी देणारे विचारतात की महिन्याला किती प्रकरणे झाली. विचारणे गैर नाही. पैशाचा हिशेब दिलाच पाहिजे. परंतु महिन्याला वीस प्रमाणपत्रांचे लक्ष्य ठेवले की कार्यकर्ता काय करतो ते पाहण्यासारखे आहे. तो एस.टी. थांब्याजवळच्या वस्तीत जातो. ज्याचा एक पाय नाही, ज्याचे अपंगत्व दुरून दिसते, ज्याचे रेशनकार्ड तयार आहे, अशांची प्रकरणे आधी होतात. डोंगरावरच्या पाड्यात अंथरुणाला खिळलेला म्हातारा, मनोविकार असलेली आणि घरच्यांनी मागल्या खोलीत ठेवलेली स्त्री, ही माणसे पुढच्या महिन्यावर जातात; आणि पुढचा महिना नेहमी पुढेच असतो. मायकेल लिप्स्की या अमेरिकन अभ्यासकाने १९८० च्या आपल्या ग्रंथात सरकारी व सेवाभावी यंत्रणेतल्या तळच्या कर्मचाऱ्याची ही प्रवृत्ती फार मार्मिकपणे दाखवली आहे. तिला इंग्रजीत दुधावरची साय काढून घेणे अशाच अर्थाचा शब्द आहे. लिप्स्की कर्मचाऱ्याला दोष देत नाही, हे महत्त्वाचे. वेळ थोडा, माणसे फार, आणि मोजमाप फक्त संख्येचे. मग साय काढण्याखेरीज तो करील काय?

याला पर्यवेक्षकाचा उपाय म्हणजे मोजण्याची रीत बदलणे. एका प्रकरणाला एक गुण असे न ठेवता अवघड प्रकरणाला तीन ठेवले, किंवा प्रत्येकाच्या वीस प्रकरणांपैकी पाच तरी दूरच्या वस्तीतली असावीत असा दंडक घातला, तर कार्यकर्त्याचे पाय आपोआप तिकडे वळतात. हे वरिष्ठांना आणि निधी देणाऱ्यांना पटवून देण्याचे कष्ट मात्र पर्यवेक्षकालाच घ्यावे लागतात. तो खालच्यांना जेवढा सांभाळतो तेवढेच वर भांडतो. आपल्याकडे हे दुसरे काम फार थोडे जण करतात, असे नाइलाजाने म्हणावे लागते.

आता आधार देण्याच्या कार्याकडे वळू. कायद्यातल्या बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागते. केंद्र शासनाच्या अपंग निवृत्तिवेतनाला (इंदिरा गांधी राष्ट्रीय योजना, २००९) तर ८० टक्के लागते, आणि शिवाय कुटुंब दारिद्र्यरेषेखालचे असावे लागते. समजा, एखाद्या हमालाचा उजवा हात यंत्रात सापडून कामातून गेला आहे आणि तपासणीत ३६ टक्के आले. वैद्यकीय तक्त्याप्रमाणे ते अचूक असेल. पण हमालीसाठी तो हात शंभर टक्के गेला आहे. कार्यकर्त्याने त्याला चार वेळा जिल्ह्याच्या गावी नेलेले असते, स्वत:च्या खिशातून चहा पाजलेला असतो, आणि परतीच्या एस.टी.त दोघे एकमेकांकडे न पाहता बसलेले असतात. दुसऱ्या दिवशी कार्यकर्ता पर्यवेक्षिकेसमोर येतो तेव्हा ती त्याला काय म्हणते?

फेरतपासणीसाठी अपील करता येते, ते करावे, हे ती सांगेलच. कामावर अपघात झाला असेल तर नुकसानभरपाईचा मार्ग निराळा आहे, तोही ती दाखवील. तेथे टक्क्यांचे गणित कमाईच्या क्षमतेशी जोडलेले असते, हे पुष्कळ कार्यकर्त्यांना माहीत नसते. पण त्याआधी तिने पाच मिनिटे नुसते ऐकून घ्यावयाचे असते. हे ऐकणे मिळाले नाही तर कार्यकर्त्याचे मन हळूहळू निबर होते. १९७४ मध्ये हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर याने सेवाभावी कर्मचाऱ्यांच्या या अवस्थेला 'बर्न-आउट' हे नाव दिले. आपण त्याला विझून जाणे म्हणू. त्याचे पहिले चिन्ह थकवा नसतेच मुळी. पहिले चिन्ह म्हणजे 'हे लोक असेच असतात, मॅडम' हे वाक्य. कार्यकर्त्याच्या तोंडी ते आले की पर्यवेक्षिकेने रागावू नये आणि हसून मानही डोलावू नये. तापाचा आकडा पाहावा तसे त्याकडे पाहावे.

याच संदर्भात एक विचार मांडला गेला आहे, तो मला या विषयातील सर्वांत उद्बोधक वाटतो. हॅरॉल्ड सर्ल्स या मानसचिकित्सकाने १९५५ मध्ये असे दाखवले की रुग्ण व चिकित्सक यांच्यात जे घडते त्याचे प्रतिबिंब चिकित्सक व पर्यवेक्षक यांच्या संबंधात पडते. पुढे याला 'समांतर प्रक्रिया' म्हणू लागले. असहाय्य सेवार्थीला भेटून आलेला कार्यकर्ता पर्यवेक्षिकेसमोर तसाच असहाय्य होऊन बसतो : 'तुम्हीच सांगा आता काय करू.' उलट दिशेनेही हे चालते. पर्यवेक्षिका कार्यकर्त्याला चारचौघांत फैलावर घेत असेल तर तो दुपारी वस्तीत जाऊन सेवार्थ्याला तसेच फैलावर घेतो : 'कागद का आणला नाही? किती वेळा सांगायचे?' शब्दसुद्धा तेच असतात. तेव्हा झोपडीतल्या माणसाशी कसे बोलावे याचा पाठ पर्यवेक्षिका कार्यालयातच, स्वत:च्या बोलण्यातून, रोज देत असते. तिच्या मनात असो वा नसो.

कादुशिनने १९६८ च्या एका लेखात पर्यवेक्षक व कार्यकर्ते यांच्यात चालणाऱ्या लुटुपुटूच्या डावांचे वर्णन केले आहे, ते वाचताना हसू येते. स्तुती करून टीका टाळणे हा एक डाव. 'तुम्ही सांगितले तसेच केले' म्हणून कामाचा विचका पर्यवेक्षकाच्या गळ्यात घालणे हा दुसरा. आपल्याकडे यांत एका डावाची भर घालता येईल. पर्यवेक्षिकेला 'ताई' म्हटले की ताईला कठोर बोलता येत नाही आणि धाकट्या भावाला चूक कबूल करण्याची गरज उरत नाही. नाते जोडण्याची आपली सवय गोड आहे. तरीही आठवड्यातून ठरलेल्या वेळी, ठरलेला एक तास, दार लावून, समोर वह्या ठेवून दोघांनी बसावे आणि त्या तासापुरते ताई-भाऊ बाजूला राहावेत, ही शिस्त या पद्धतीत आहे ती उगाच नाही. चहाच्या टपरीवर झालेली चर्चा म्हणजे पर्यवेक्षण नव्हे, मग ती कितीही मोकळी असो.

येथपर्यंत 'सेवार्थी अपंग, कार्यकर्ता धडधाकट' असे आपण गृहीत धरून चाललो. वास्तविक ते गृहीतच तपासावयास हवे. बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ महारोगी सेवा समितीचे काम उभारले, तेव्हा आनंदवनातली विहीर, शेती, बांधकाम हे सारे कुष्ठरोगातून उठलेल्या माणसांच्याच हातांनी झाले. कोल्हापूरच्या 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' या संस्थेच्या (१९८४) संस्थापिका नसीमा हुरजूक या स्वत: चाकाच्या खुर्चीवरून काम करीत आल्या आहेत. जेथे पथकातच अपंग कार्यकर्ते असतात तेथे पर्यवेक्षकाला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. दृष्टिहीन कार्यकर्त्याला लेखी नोंदीऐवजी ध्वनिमुद्रित नोंद चालेल, पायाने अधू कार्यकर्तीला जिन्याच्या चाळीऐवजी रुग्णालयातले काम द्यावे, अशा सोयी करणे ही पहिली. दुसरी अधिक नाजूक : ही सोय करताना तिच्याकडून कामाच्या दर्जाची अपेक्षा कमी करावयाची नाही. दयेपोटी तिच्या चुका पोटात घातल्या तर तो तिचाही अपमान आणि सेवार्थ्याचेही नुकसान. आणि अशा कार्यकर्तीला जे कळते ते इतरांना कळत नाही, हेही लक्षात असू द्यावे. कार्यालयाच्या दाराला उतार नाही हे तिनेच प्रथम सांगितलेले असते.

समाजकार्याच्या विद्यार्थ्यांना साधारणत: आठवड्यातून दोन दिवस क्षेत्रकार्य असते. आपल्या कला शाखेच्या समाजशास्त्र व मानसशास्त्राच्या वर्गांतही पाहणी-प्रकल्प असतात, राष्ट्रीय सेवा योजनेची शिबिरे असतात. तेथे प्राध्यापक आपल्या वह्यांवर सही करतात. ती सही होताना समोर बसून दहा मिनिटे 'त्या घरात तुला काय दिसले नाही?' असे कोणी विचारले, तर त्या वहीचे मोल कितीतरी वाढेल. प्राध्यापकांना वेळ नसतो हे मान्य आहे. एका शिक्षकामागे पंचवीस-तीस विद्यार्थी असतील तर तो तरी काय करणार? संस्थांतही हेच घडते. निधी आटला की कार्यकर्ता ठेवतात आणि पर्यवेक्षकाची जागा भरत नाहीत, कारण पर्यवेक्षकाच्या वेतनाची गणना 'प्रशासकीय खर्च' या सदरात होते आणि ते सदर लहान दिसलेले सर्वांना आवडते. मग सर्वांत जुन्या कार्यकर्त्यालाच 'जरा बाकीच्यांकडे बघत जा' असे सांगितले जाते.

शेवटी पर्यवेक्षिकेच्या स्वत:च्या भेटींविषयी. महिन्यातून एखादा दिवस तिने वस्तीवर जावे असे सर्वच ग्रंथ सांगतात. जावयाचे कोठे, हा प्रश्न असतो. बहुतेक जण चालू प्रकरणे पाहतात. माझ्या मते बंद झालेली प्रकरणे पाहावीत, वर्षभरापूर्वीची. वहीत 'लाभ मंजूर, प्रकरण बंद' असा शेरा असतो. पण अनुदान चालू राहण्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. लहान मुलांची आणि बदलू शकणाऱ्या अवस्थेतल्यांची प्रमाणपत्रे मुदतीची असतात, ती मुदत कोणाच्याही नकळत संपते. कुष्ठरोगातून बरा झालेला, बोटे झडलेला म्हातारा असतो. त्याचा अंगठा यंत्रावर उठत नाही. अशांसाठी डोळ्यांच्या बुबुळांवरून किंवा अन्य रीतीने ओळख पटवण्याची सोय नियमांत आहे, पण खेड्यातल्या त्या खिडकीवर ती कोणी सांगत नाही, आणि मग खात्याचा व्यवहार नातू पाहतो. अशा घराच्या ओसरीवर पर्यवेक्षिका बसते. पाणी येते. अनुदान मिळते का, असे ती विचारत नाही. त्याचे उत्तर 'हो' असेच येणार हे तिला ठाऊक असते. ती म्हाताऱ्याला, त्याच्याकडे पाहून, विचारते की मागल्या महिन्याच्या पैशातून तुम्ही स्वत:साठी काय आणलेत. आणि उत्तर येईपर्यंत थांबते.